मोरशेटची आठ दिवसांची किल्ली

नदीकाठच्या एका पेठेच्या गावात मोरशेट नावाचा अत्तरवाला राहत होता. त्याचं नाक इतकं तिखट, की बुचाच्या कडेवरून तो सांगायचा, आतलं अत्तर मोगऱ्याचं आहे की जुईचं. लांबलांबची गिऱ्हाइकं त्या नाकावर भरवसा ठेवून यायची. घर त्या नाकावरच चालत होतं. पण दुकानामागच्या दोन खोल्यांत मोरशेटचा जीव काही रमेना. त्याला ऐन चौकातलं आबाजी सावकाराचं दुमजली घर हवं होतं. का, तर ते येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचं. आणखी कारण विचाराल, तर त्यालाही सांगता आलं नसतं.

आबाजीने घर विकायला काढलं आणि मोरशेटने त्याच दिवशी विसार देऊन टाकला. कापडवाला हरबाशेटही त्या घरावर डोळा ठेवून होता. त्याच्याआधी आपण गाठलं, म्हणून मोरशेटच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता या गावात घर घेण्याची एक जुनी रीत होती. विसार घेतला की मालक किल्ली द्यायचा आणि घेणाऱ्याने आठ दिवस त्या घरात राहून बघायचं. नवव्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर पंच बसायचे. घर पसंत असेल तर त्यांच्यापुढचा विडा उचलायचा, नसेल तर किल्ली पारावर ठेवायची. किल्ली ठेवली की विसार परत, रागलोभ नाही. रीत शहाण्या माणसांनी घातली होती आणि पुढच्या माणसांनी ती नासवली. कुणी किल्ली ठेवली की लोक म्हणायचे, "झेपलं नाही वाटतं!" या एका वाक्याच्या भीतीने तीस-चाळीस वर्षांत कुणी किल्ली ठेवली नव्हती. गळकी घरं, उंदरांनी पोखरलेली घरं, सगळी लोकांनी हसत हसत पदरात घेतली होती.

मोरशेट नव्या घरात शिरला आणि अत्तरवाला जे करील तेच त्याने केलं. चारी कोपऱ्यांत उदाची धुपाटणी ठेवली. पडद्यांवर वाळ्याचं अत्तर शिंपडलं, उंबऱ्यावर गुलाबपाणी. मग ओसरीवर बैठक घालून त्याने ओळखीपाळखीच्या सगळ्यांना बोलावलं. लोक आले, सरबत प्यायले, म्हणाले, "वा मोरशेट, घर असावं तर असं!" आठ दिवस राहून बघायला दिले होते. हा गडी ते दिवस घर दाखवण्यात घालवू लागला.

तिसऱ्या दिवशी त्याचं डोकं जड झालं. चौथ्या दिवशी छातीत घरघर सुरू झाली. दगदगीने होतंय, असं म्हणून त्याने आणखी एक धुपाटणं पेटवलं.

पाचव्या दिवशी दुकानात जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक आजी आली. नातीच्या लग्नासाठी तिला जुईचं अत्तर हवं होतं. मोरशेटने कुपी काढून दिली. आजीने बूच उघडून वास घेतला.

"मोरशेट, अरे हा मोगरा आहे."

मोरशेटच्या पायाखालची जमीन सरकली. आजी गेल्यावर त्याने एकामागून एक दहा कुप्या उघडल्या. सगळ्या त्याला पाण्यासारख्या लागल्या. तो घाबरला. नाक गेलं म्हणजे धंदा गेला, आणि धंदा गेला म्हणजे चौकातल्या ओसरीवर बसून करायचं काय?

त्याची बायको कावेरी त्याला वैजनाथबुवा वैद्यांकडे घेऊन गेली. वैद्यबुवांनी नाडी पाहिली, पाठीला कान लावला.

"श्वास पुरता आत जात नाही. सध्या राहता कुठे?"

"चौकातल्या घरात! सगळं गाव बघून गेलं, तुम्हीच तेवढे आला नाहीत."

"गाव बघून गेलं. तुम्ही बघितलंत का?"

"म्हणजे काय! नुसता घमघमाट आहे, बुवा."

"गिऱ्हाइकाच्या हाताला एक अत्तर लावलेलं असताना त्यावरच दुसरं लावून पारख करायला सांगता का?"

"छे! आधी हात धुवायला लावतो."

"मग घरालाही एकदा धुऊन घ्या. धूप नको, अत्तर नको. रोज सकाळी नदीपर्यंत चालत जा, मोकळी हवा घ्या, आणि परत येऊन घर हुंगा."

मोरशेट चुळबुळला. "आणि वाईट निघालं तर? मी सगळीकडे सांगून बसलोय. हरबाशेट टपलेलाच आहे. लोक काय म्हणतील?"

"हरबाशेटला गप्प बसवणं तुम्हाला जमेल?"

"नाही."

"लोकांची तोंडं धरता येतील?"

"ती कुणाला धरता आलीत?"

"मग जे तुमच्याच्याने होणार नाही, त्याची काळजी सोडा. नदीपर्यंत चालणं होईल ना? तेवढं करा. या रोगाला मी दुसरं काही देणार नाही."

मोरशेटला औषधाची पुडी मिळाली असती तर बरं वाटलं असतं. पण त्याने धुपाटणी विझवली आणि तो चालला. सहाव्या दिवशी धापा टाकत, सातव्या दिवशी जरा बेताने. सातव्या दिवशी परतताना त्याला ओल्या वाळूचा वास आला, मग कुणाच्या तरी चुलीतल्या शेणीचा धूर. त्याला इतका आनंद झाला, की तो वाटेतच थांबून लांब लांब श्वास घेत राहिला. तसाच झपझप घरी आला, आणि उंबऱ्यातच थबकला.

घराला कुबट वास येत होता. नाक नेईल तसा मोरशेट गेला तो निजायच्या खोलीत, मागच्या भिंतीशी. त्याने नखाने नवा चुना खरवडला. आत काळी बुरशी होती. भिंतीपलीकडे गावाचा जुना हौद होता. तो तिथे असेपर्यंत ही भिंत काही सुकणार नव्हती. आणि मोरशेट सहा रात्री त्याच भिंतीकडे डोकं करून झोपला होता.

"मला पहिल्याच दिवशी वास आला होता," कावेरी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले की. तुम्ही तिकडे आणखी एक धुपाटणं ठेवलंत."

नवव्या दिवशी पाराभोवती सारी पेठ जमली होती. पंचांनी विडा पुढे केला. हरबाशेट पहिल्या रांगेत उभा. मोरशेट पुढे आला. एवढं तोंड वर करून सांगितलेलं सगळं आता त्याला आठवत होतं आणि पारापासून पळून जावंसं वाटत होतं. तरी त्याने कमरेची किल्ली काढली आणि पारावर ठेवली.

मग हरबाशेट म्हणाला, "झेपलं नाही वाटतं!" सगळे खो-खो हसले.

मोरशेटचे कान तापले. खरं सांगायचं तर त्याला रडू येत होतं. त्याने एक श्वास घेतला. श्वास सरळ आत गेला, कुठे अडला नाही. मग तो शांतपणे म्हणाला, "घर झेपलं असतं, हरबाशेट. ओल झेपली नाही. तू घेणार असशील तर आधी मागच्या खोलीची भिंत हुंगून बघ."

हसणं विरलं. आबाजीने खाली मान घालून विसार परत केला. हरबाशेट विसार द्यायला थैली घेऊनच आला होता. त्याने ती बगलेत मारली आणि म्हणाला, "बघतो विचार करून." त्या वर्षात गावात आणखी दोघांनी किल्ली ठेवली. त्यांना मात्र कुणी हसलं नाही.

दिवाळीनंतर मोरशेटने नदीच्या वाटेवरचं एक लहानसं कौलारू घर बघितलं. तीन खोल्या, पूर्वेला खिडकी, मागे परडं. चौकातून ते दिसायचंही नाही. या वेळी त्याने एकाही माणसाला बोलावलं नाही. सकाळी चालायला जायचं, दुकानात बसायचं आणि घरी येऊन नुसतं राहायचं, एवढंच त्याने केलं.

आठव्या दिवशी तो परड्यात बसला होता. आत कावेरीच्या भाकरी चालल्या होत्या.

"कावेरी," त्याने तिथूनच हाक दिली, "पीठ जुन्या ज्वारीचं दिसतंय. आणि तव्यावरची कडेने करपतेय बघ."

कावेरीने घाईने भाकरी उलटली. कड खरंच काळी पडली होती. ती तशीच पिठाच्या हातांनी दारात आली, हसता हसता तिचे डोळे भरले. "करपू दे!" ती म्हणाली. "उद्या विडा उचला."

तात्पर्य: घर घ्यायचं ते चार लोकांना दिसावं म्हणून नव्हे, आपल्याला सुखाने श्वास घेता यावा म्हणून. लोकांच्या बोलण्यावर आपला ताबा नसतो. आपण काय निवडायचं आणि आपली प्रकृती कशी जपायची, यावर मात्र असतो, आणि समाधानाला तेवढं पुरतं.