अण्णांच्या डब्यातलं मीठ

एका जिल्ह्याच्या गावी एक मोठं इस्पितळ होतं आणि त्या इस्पितळात एक हुशार मुलगी आहारतज्ज्ञ व्हायला शिकत होती. तिचं नाव हेमांगी. एम.एस्सी.ला ती विद्यापीठात पहिली आली होती. आता इस्पितळातली उमेदवारी तेवढी संपायची होती. ती संपली की देवस्थळी बाई सही करणार, मग नोंदणीची परीक्षा, मग पुण्याची नोकरी. पुण्याच्या नोकरीचं तर तिच्या वडिलांनी सगळ्या आळीला सांगूनही झालं होतं.

देवस्थळी बाई म्हणजे इस्पितळाच्या मुख्य आहारतज्ज्ञ. आवाज बारीक, पण धाक असा की त्या स्वयंपाकघरात शिरल्या की झारे आपोआप हळू वाजायचे. त्यांचा एकच नियम होता. रोग्याचे सगळे रिपोर्ट वाचल्याशिवाय आणि घरी काय शिजतं ते विचारल्याशिवाय खाण्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आदल्या वर्षीच्या एका मुलीने रिपोर्ट न वाचता पथ्य सांगितलं, तर बाईंनी तिची सही अडवून धरली होती. हेमांगीला हे ठाऊक होतं. पण हुशार माणसाला नियम पाठ असतात आणि पाठ आहेत म्हणून तो ते पाळत नाही. तशीच गत हिची.

तर त्या इस्पितळात अण्णा लोखंडे नावाचा रोगी आला. जन्मभर एसटी चालवलेला माणूस, आवाज हॉर्नसारखा. एके दिवशी घरातच पाय लटपटले, नाडी मंदावली, म्हणून मुलाने आणि सुनेने उचलून आणलं. मूत्रपिंडं आधीपासूनच थकलेली, त्यात आता तपासणीत निघालं की रक्तातलं पोटॅशियम भलतंच चढलेलं. पोटॅशियम म्हणजे फळांत, भाज्यांत असतो तो एक क्षार. धडधाकट माणसाला तो हवाच, पण मूत्रपिंडं थकली की तो अंगाबाहेर पडत नाही, साठत जातो आणि एक दिवस हृदयच बंद पाडतो.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, पोटॅशियम उतरलं. इस्पितळाच्या जेवणावर चार दिवस अण्णा बरे राहिले. मग त्यांनी ताट सरकवून दिलं. म्हणाले, "हे असलं मी बैलालासुद्धा घातलं नसतं." शेवटी बाईंनी घरच्या डब्याला परवानगी दिली. सून सुलभा हिला समोर बसवून समजावलं. भाजी उकडायची, पाणी ओतून द्यायचं, मग फोडणी. टोमॅटो नाही, केळं नाही, शहाळं तर मुळीच नाही.

"आणि मीठ?" बाईंनी विचारलं.

"घरचं मीठ बंदच केलंय, बाई," सुलभा म्हणाली. बाईंनी मान डोलावली.

सुलभा जाताना हेमांगीकडे बघून ओळखीचं हसली. हेमांगीला काही ओळख पटेना. दिवसभरात शंभर माणसं हसतात, तशीच ही, असं तिला वाटलं.

दोन दिवस डबा आला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. पोटॅशियम पुन्हा चढलं होतं. डॉक्टर धावत आले, परत इंजेक्शनं झाली. जाताना ते बाईंना एवढंच म्हणाले, "अजून एकदा चढलं, तर माझ्या हातात काही राहणार नाही."

बाईंनी शिकाऊ मुलींना बोलावलं. "हे तोंडावाटेच येतंय. कशातून येतंय ते शोधा," त्या म्हणाल्या.

पण अण्णांच्या बहिणीने, गंगाआक्काने, ते आधीच शोधून ठेवलं होतं. शेजारच्या खाटेखाली शहाळ्याचं टरफल पडलं होतं. ते त्या शेजारच्या रोग्याने प्यायलेलं. पण आक्काला तेवढा पुरावा पुष्कळ झाला.

"ह्या बयेनं पाजलं," आक्का भर वॉर्डात म्हणाली. "माझ्या भावाच्या जिवावर उठली ही. सासऱ्याचं करून करून कंटाळली असंल."

"नाही हो आत्या, देवाशपथ नाही," सुलभा म्हणाली. सकाळचा डबा तिच्या हातातच होता. तिने नवऱ्याकडे पाहिलं. विलास खाली बघत उभा होता.

"आजपासून डबा आत्याकडून येऊ दे," तो म्हणाला. "आणि तू चार दिवस माहेरी जा."

सुलभाने डबा टेबलावर ठेवला आणि ती बाहेर जिन्याशी जाऊन उभी राहिली. ती रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

हेमांगीने तो डबा उचलला आणि तपासायला मागच्या खोलीत नेला. दुधीची भाजी, पोळी, पांढरा भात. भाजी नीट उकडलेली, पाणी काढलेलं. सगळं अगदी बाईंनी सांगितलं तसं. तिने बोटाने थोडी भाजी जिभेवर ठेवली. आधी खारट लागली. मग जिभेच्या मुळाशी काहीतरी कडसर राहिलं.

दुधी कडू असेल म्हणून तिने भात चाखला. भातातही तेच.

हेमांगीने भात पुन्हा एकदा चाखला. कारण ही चव तिला ठाऊक होती. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिने ती चाखली होती. बाजारात कमी सोडियमचं म्हणून एक मीठ मिळतं, रक्तदाबाच्या माणसांसाठी. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. मूत्रपिंडं ठणठणीत असतील त्याला ते चालतं. ज्याची थकली आहेत, त्याला ते विष.

मग तिला सुलभाही आठवली. महिन्यापूर्वी बाहेरच्या तपासणीच्या रांगेत हीच बाई डोळे पुसत उभी होती. "रक्तदाबासाठी मीठ तोडलंय, ताई. सासरे ताट फेकतात. मिठाशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नाही." हेमांगीला दया आली होती. "अहो, मग कमी सोडियमचं मीठ आणा की," ती म्हणाली होती. "चव तीच." तिच्या काखेत सासऱ्यांची फाइल होती. त्यात मूत्रपिंडाचा रिपोर्ट होता. हेमांगीने ती मागितलीसुद्धा नव्हती. ती दोन वाक्यं बोलून पुढे गेली आणि मनातून खूशही झाली होती, की बघा, किती पटकन सोडवला प्रश्न.

म्हणजे अण्णांना कुणी शहाळं पाजलं नव्हतं. जे केलं ते हेमांगीने केलं होतं, आणि वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं.

आता तुम्ही म्हणाल, मुलगी लगेच धावली असेल. नाही धावली. ती डब्याचं झाकण लावून तिथेच बसली. तिला वडील दिसले, पुणं दिसलं, अडवलेली सही दिसली. मग भीतीने तिला अक्कल शिकवली. भीती फार चांगली शिकवणी घेते. डबा आता आक्काकडून येणार. आक्काच्या घरी साधं मीठ. बाई ते बेताने घालायला सांगतील. म्हणजे पोटॅशियम आपसूक उतरेल. अण्णा वाचतील, सही होईल, कुणाला काही कळणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि सुलभा? चार दिवस माहेरी जाईल, होईल सगळं शांत. हेमांगीने स्वतःला असं सांगितलं खरं, पण जिन्याकडे बघायची तिची छाती होईना. दोनदा ती बाईंच्या दारापर्यंत गेली. दोनदा परत आली.

असा दुपारच्या जेवणाचा सुमार झाला. शेवटी तिने मधला मार्ग काढला. मधला मार्ग भित्र्या माणसाला नेहमीच सापडतो. सुलभा अजून जिन्याशीच होती, नवऱ्याची वाट बघत. हेमांगी तिच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "ताई, ते मीठ तुम्ही वापरता ना, ते घरी गेलात की टाकून द्या."

सुलभा गोंधळली. "तुम्हीच सांगितलं होतं ना ते? औषधी मीठ?"

"हो. पण आता नको."

"पण ते आता घरी कुठंय?" सुलभा म्हणाली. "सकाळीच मी ह्यांना घरून पुडा घेऊन आत्यांकडे धाडलं. मला काय बोलायचं ते बोलोत, पण अण्णांच्या जेवणात ते चुकायला नको. इस्पितळातल्या ताईंनी सांगितलंय, सढळ हाताने घाला, असा निरोप दिला."

हेमांगीला पुढचं ऐकू आलं नाही. आक्का तिच्या डोळ्यांदेखत डबा घेऊन मघाशीच वर गेली होती.

ती जिना चढत सुटली. वॉर्डात अण्णा उशीला टेकून बसले होते. मांडीवर ताट होतं. आक्का म्हणत होती, "खा दादा, हे आपल्या घरचंय." अण्णांनी भातात भाजी कालवली, घास उचलला, तोंडाशी नेला.

हेमांगीने त्यांचा हात धरला आणि घास खाली पाडला.

"एऽ पोरी," अण्णा गरजले. सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. आक्का उठली. विलास पुढे आला. दारात देवस्थळी बाई येऊन उभ्या राहिल्या.

हेमांगीला परत जिन्याकडे वळावंसं वाटलं. पण आता मागे फिरायला वाटच उरली नव्हती.

"या जेवणात जे मीठ आहे, त्यातच पोटॅशियम आहे," ती म्हणाली. "शहाळं कुणी पाजलं नाही. सुलभाताईंनी काहीच केलेलं नाही. त्यांना हे मीठ मी आणायला सांगितलं. अण्णांची फाइल न बघता सांगितलं. चूक माझी आहे."

बाईंनी पुढे होऊन ताटातला भात चाखला, ताट उचललं आणि सिस्टरच्या हातात दिलं. त्या आक्काकडे वळल्या. "मिठाचा पुडा घरी आहे ना? आत्ताच्या आत्ता माणूस पाठवून इथे आणा." मग त्या बाहेर गेल्या आणि डॉक्टरांशी बोलून परत आल्या.

विलास जिन्याकडे गेला होता. तो सुलभाला काय म्हणाला ते कुणी ऐकलं नाही. आक्का मात्र पदराने तोंड झाकून बसली होती. सुलभा आत आली तेव्हा आक्काने खाटेवर थोडी जागा करून दिली. माफी मागायची सवय नसलेली माणसं अशीच मागतात.

बाईंनी हेमांगीला आपल्या खोलीत नेलं.

"डॉक्टरांना मी सांगून आले," त्या म्हणाल्या. "तुझं सांगितलं आणि माझंही. ती बाई मीठ बंद केलंय म्हणाली आणि दुसरं कुठलं सुरू केलंय का, हे मी विचारलं नाही. मी विचारायला हवं होतं."

हेमांगीला रडू फुटलं. "मी फाइल बघायला हवी होती, बाई. परत असं कधी होणार नाही."

"नाहीच होणार. मिठाचं तू आता जन्मात विसरणार नाहीस. त्याची मला काळजी नाही." बाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "तुला हे कळलं कधी?"

हेमांगीने डोळे पुसले.

"कधी कळलं?"

"सकाळी," हेमांगी म्हणाली. "डबा चाखला तेव्हा."

"आणि आता दुपार आहे." बाईंचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "तेवढा वेळ ती पोर जिन्याशी उभी होती. तेवढ्यात ते मीठ एका घरातून दुसऱ्या घरात गेलं. रिपोर्ट वाचायला मी तुला शिकवीन. पण सकाळपासून दुपारपर्यंत तू जे केलंस, त्याचं मी काय करू?"



बाईंनी त्या वर्षी सही केली नाही. पुण्याची नोकरी दुसऱ्या कुणाला मिळाली. वडिलांना आळीभर परत सांगत फिरावं लागलं. अण्णा मात्र सुनेच्या हातचंच जेवून घरी गेले, आणि जाताना बैलाचं खाणं म्हणून इस्पितळाच्या स्वयंपाकघराचा पुन्हा उद्धार करून गेले. हेमांगी आणखी एक वर्ष तिथेच राहिली. त्या वर्षातही तिच्या हातून एक चूक झाली, मधुमेहाच्या एका रोग्याच्या नाश्त्यात. ती लक्षात आली तेव्हा हातातली पोळी तशीच टाकून, खरकट्या हातानेच ती बाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

बाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं, नाश्ता बदलायला लावला, आणि मग कपाटातून तिचा कागद काढून त्यावर सही केली.

तात्पर्य: चूक शहाण्याच्याही हातून होते, पण कळल्यावर ती सांगायला जितका उशीर करावा, तितका वेळ तिची शिक्षा दुसराच कुणी तरी भोगत असतो.