युवराजांचा वाढदिवस आणि कच्चा लिंबू

"युवराजांच्या वाढदिवसाला असा धाडसी खेळ हवा, की बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकला पाहिजे!" महाराज रणधवल गरजले. "पण युवराजांच्या अंगावर ओरखडा उठता कामा नये. ते हरता कामा नयेत. आणि मुद्दाम कोणी हरला, तर त्याची गय नाही! लबाडी मला खपत नाही. वीस वर्षांत मी बुद्धिबळात एकदाही हरलो नाही, तो काय लबाडीने?"

"छे छे!" प्रधानजी म्हणाले. रोज महाराजांशी खेळून हरणारे तेच होते.

अवघड काम नेहमी खाली घरंगळतं. प्रधानजींनी ते मैदानाचा राखणदार तुळाजी याच्या गळ्यात मारलं. वर दम भरला, "जमलं नाही, तर मैदानातला वड तोडून तिथे हत्तीखाना बांधू!"

तुळाजीचं तोंड उतरलं. त्याच्या बारा वर्षांच्या लेकीचं, भागीचं मात्र डोकं भडकलं. सगळ्या गावाची पोरं त्या वडावर वाढली होती. हत्तींना दुसरी जागा मिळाली नसती का?

"आबा, हो म्हणून सांगा," ती म्हणाली. "खेळ मी मांडते."

वाढदिवसाला वडाखाली सूरपारंब्यांचा डाव रंगला. पोरं सरसर वर चढत, पारंब्यांना लोंबकळत आणि धपाधप उड्या मारत. ज्याच्यावर राज्य, तो त्यांना शिवायला धावे. राणीसाहेबांनी तर डोळेच मिटून घेतले. नऊ वर्षांचे युवराज सर्वांत खालच्या फांदीवर होते. त्यांना कोणी शिवलं, तरी त्यांच्यावर राज्य येत नव्हतं. पुढेपुढे तर त्यांना कोणी शिवेचना.

महाराज खूश! ओरखडा नाही, हार नाही, लबाडी नाही.

तासाभरात फांदीवरून भोकाड ऐकू आलं. "मला कोणीच पकडत नाही! मला नाही खेळायचं!"

"कोण आहे रे तिकडे? माझ्या पोराला रडवलं कोणी?" महाराज कडाडले.

भागी पुढे आली. "महाराज, तुमच्या हुकमाबाहेर काही केलं न्हाई. धाकटं भावंड खेळायला आलं, की आम्ही त्याला कच्चा लिंबू करतो. त्यानं हवं तेवढं पळावं, पण त्याच्यावर राज्य येत न्हाई. तुमच्या सगळ्या अटीत बसणारा गडी तेवढा एकच!"

"मला पक्का व्हायचंय!" युवराज ओरडले.

महाराजांनी नाइलाजाने मान हलवली. पुढच्याच डावात युवराज पकडले गेले, गुडघा फुटला, राज्य आलं, आणि ते आनंदाने किंचाळत पोरांमागे धावले.

महाराज बघत राहिले. एकाएकी त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"पोरी, वीस वर्षं न हरणाऱ्याला तुमच्यात काय म्हणतात गं?"

प्रधानजींना पायाखालच्या मातीत अचानक फार रस वाटू लागला.

"ते प्रधानजींस्नी विचारा," भागी म्हणाली. "कच्च्या लिंबाला त्वांडावर कुणी सांगत न्हाई. त्याचं त्यालाच कळावं लागतं. युवराजांना तासाभरात कळलं, महाराज!"

तुळाजीने डोळे मिटले. आणि महाराज असे खदखदून हसले, की फेटा निसटून पोरांच्या डावात जाऊन पडला!

वडासकट मैदान त्यांनी त्याच दिवशी गावच्या पोरांच्या नावे करून दिलं, आणि भागीच्या हातात सोन्याचं कडं घातलं. संध्याकाळी त्यांनी प्रधानजींना पटासमोर बसवून बजावलं, "आज खरं खेळायचं!"

महाराज नवव्या चालीला हरले.

"पुन्हा मांडा!" ते ओरडले.