बांधावरची पोरे

खाडीच्या बांधाच्या टोकाला जो आंबा दिसतो, त्याची पाने नीट बघा, असे गावातले म्हातारे गोमादादा पाहुण्यांना सांगतात. दहा-पंधरा पाने एकमेकांना शिवून मुंग्यांनी चेंडूएवढी घरे केली आहेत. या तांबड्या मुंग्यांना इकडे ओंबील म्हणतात. चावल्या की माणूस नाचतो, तरी त्यांना हाकलायला या झाडाला कोणी धूर देत नाही.

फार पूर्वी इथे बांध टिकत नव्हता. दर पावसाळ्यात उधाणाला त्याला खांड, म्हणजे भगदाड, पडे, खारे पाणी शेतात शिरे आणि वर्षाचा भात जाई. शेवटी भगताने कौल लावून सांगितले, बांधात जिवंत मूल पुरा. पंचांनी ठमीची सात महिन्यांची पोर ठरवली. ठमीचा नवरा खाडीतच गेलेला. तिच्या बाजूने भांडायला कोणी नव्हते, आणि म्हणूनच तिची पोर ठरली, हे गोमादादा जरा जोरात सांगतात.

बांधात खड्डा खणत होते तेव्हा ठमी पोरीला घेऊन याच आंब्याखाली बसली होती म्हणे. रडून रडून डोळे कोरडे पडलेले. डोक्यावरच्या फांदीला मुंग्यांचे एक घर अर्धे झाले होते. काही मुंग्या पानांच्या कडा ओढून धरत होत्या, काहींच्या तोंडात त्यांची पांढरी पिल्ले होती. पिल्लू या पानाला टेकवायचे, मग त्या पानाला. त्याच्या तोंडातून धागा निघे आणि पाने शिवली जात. काम झाले की पिल्लू उचलून आत नेत. ठमी कितीतरी वेळ बघत राहिली. एकही पिल्लू बाहेर राहिले नाही.

ती पोरीला कडेवर घेऊन खड्ड्यापाशी आली.

"या मुंग्या पन पोरां घेऊन घर बांधतान," ती पंचांना म्हणाली, "पन पुरीत नाय. बांधाला पोर पायजे ना? मंग सगल्यांची आना. जित्ती. उधान उतरं तवर बसू द्या बांधावर."

तेव्हा एका पंचाची म्हातारी आईच नातवाला घेऊन ठमीशेजारी जाऊन बसली. मग बाकीच्यांना घरी थांबणे जमेना.

आजवर जो तो आपल्या वाट्याचा बांध वरवर लिंपून मोकळा होत असे. आता वर आपलेच पोर बसणार म्हटल्यावर सगळ्यांनी खाडीतला खोलवरचा चिखल काढून बांधाला घातला, ढेकूळ न् ढेकूळ तुडवले. पोरे वर बसली असताना श्रावणातले उधाण आले, बांधाला धडकले आणि परत गेले. देवाची कृपा, असे लोक सांगतात. गोमादादा त्यावर नुसते हसतात.

आजही बांधाच्या डागडुजीला प्रत्येक घर आपले सर्वांत लहान पोर आणून बसवते. काम संपले की नाव घेऊन एकेक पोर आईकडे देतात. मग ठमीच्या घराण्यातली बाई त्या जुन्या खड्ड्याच्या जागी उभी राहून विचारते, "सगली आली का?" सगळी आली, असे उत्तर मिळाल्याशिवाय कोणी बांध सोडत नाही.