पासिंगच्या आदल्या दिवशी

“उस्ताद, तुम्ही मला चोर म्हणालात?”

प्रल्हाद अंगणाच्या फाटकातच उभा होता. आत यायचंही त्याला भान नव्हतं.

दस्तगीर उस्ताद बाजेवर बसून लसूण सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“चोर नाही म्हणालो.”

“मग?”

“चोराला निदान गाडी बघावी लागते.”

प्रल्हाद दोन पावलं आत आला. हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर त्यानं तिथंच हात उचलला असता.

तासगावात त्याच्याएवढं मोठं गॅरेज दुसरं नव्हतं. उस्तादांच्याच हाताखाली शिकून त्यानं ते उभं केलं होतं. दारावर ठळक पाटी होती : ‘इथून गेलेली गाडी पासिंगला नापास होत नाही.’ आजवर झालीही नव्हती. वर्षाची तपासणी जवळ आली की टेम्पोवाले, व्हॅनवाले आधी त्याच्याकडे रांग लावत. तो पांढरा शर्ट घालून उभ्या उभ्या कामं सांगायचा, आणि हाताखालचे मिस्त्री ती करायचे.

काल शाळेची व्हॅन चालवणाऱ्या मालनबाई साळुंखे आल्या होत्या. त्यानं नेहमीप्रमाणे सांगितलं. मागचे ब्रेक लायनर, मागचे दोन्ही टायर, सायलेन्सर.

“पण बिघडलंय का काही?” त्यांनी विचारलं.

“पासिंगला हे लागतंच, ताई.”

बाई भांडल्या आणि व्हॅन घेऊन तडक उस्तादांच्या दारात आल्या. उस्तादांनी गाडीला एक फेरी मारली आणि म्हणाले, ब्रेकलाइटचा बल्ब गेलाय, वायपरचं रबर फाटलंय, मागची चमकणारी लाल पट्टी निघालीय, नंबरप्लेट दिसत नाही इतकी मळलीय. एवढं करा, बाकी राहू द्या.

गावात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. शिष्यानं गाडी खोलायला काढली, गुरूनं परत पाठवली! सांगता सांगता त्यात ‘चोर’ही जोडलं गेलं.

आज व्हॅन पुन्हा उस्तादांच्या अंगणात, लिंबाखाली उभी होती. मालनबाई स्वतःच नवं वायपर बसवत होत्या. उद्या सकाळी पासिंग. गाडी नापास झाली तर शाळा दुसरी व्हॅन लावणार होती.

“उद्या गाडी नापास होऊन परत आली, तर नाव कुणाचं जाईल?” प्रल्हादनं विचारलं. “लोक म्हणतील, प्रल्हादनं सांगितलेलं ऐकलं नाही म्हणून… नाही, लोक काहीच म्हणणार नाहीत. लोक हसतील. तुम्हाला.”

“हसू दे.”

“लायनर गेलेत, उस्ताद.”

“बघितलेस?”

प्रल्हादनं व्हॅनच्या मागच्या चाकाकडे पाहिलं.

“खोल मग.”

प्रल्हादनं शर्टाच्या बाह्या सारल्या. बाईंकडून जॅक आणि पाना मागून घेतला, चाक काढलं, ब्रेकचा ड्रम ओढला. बऱ्याच वर्षांनी हे त्याचे स्वतःचे हात करत होते, पण ते कुठं अडखळले नाहीत.

लायनर जाड होते. एकसारखे घासलेले. आणखी एक पासिंग सहज निघालं असतं.

मालनबाई बघत होत्या. उस्ताद लसूण सोलत होते.

प्रल्हादनं दुसरं चाक काढलं. तिथंही तेच. मागच्या टायरांवरून अंगठा फिरवला. नक्षी चांगली खोल होती. त्यानं सायलेन्सर हलवून पाहिला. तो घट्ट बसलेला होता.

चाकं परत चढवताना त्याला स्वतःच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. आता उठावं, पाना ठेवावा आणि मान खाली घालून निघून जावं…

“झालं?” उस्तादांनी विचारलं.

“झालं.”

“तू सांगितलेलं बघून झालं. आता गाडी बघ.”

“तुम्ही बघितलीय की.”

“माझे गुडघे वाकत नाहीत, प्रल्हाद. मी उभ्यानं दिसलं तेवढंच सांगितलं.”

प्रल्हाद थबकला. त्यानं व्हॅनकडे पाहिलं. मग पांढऱ्या शर्टासकट मातीत पाठ टेकली आणि गाडीखाली सरकला.

बराच वेळ फक्त त्याचे पाय दिसत होते. मग पुढच्या डाव्या चाकाशी ते थांबले.

“ताई, स्टिअरिंग जरा उजवीकडं मारा.”

मालनबाईंनी मारलं. चाक वळलं, आणि टायरची आतली कड उघडी पडली.

बाहेरून नवा वाटणारा तो टायर आतून पार खाल्ला गेला होता. रबरातून तारा डोकावत होत्या.

प्रल्हाद बाहेर आला. केसांत माती, शर्टाच्या पाठीवर ऑइलचा डाग. त्यानं हात पुढं केला. बोटाला तार लागून रक्त आलं होतं.

“उस्ताद, हा तुमच्याकडून सुटला.”

त्याचा आवाज फुटलेला नव्हता, चढलेलाही नव्हता.

उस्तादांनी लसणाचं ताट बाजूला सारलं. काठी टेकत ते चाकापर्यंत आले. वळलेल्या टायरच्या आतल्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं आणि फिरवतच राहिले.

“सुटला,” ते म्हणाले. म्हातारे डोळे चमकले. “आणि तुला सापडला.”

प्रल्हाद मालनबाईंकडे वळला. जे शब्द त्यानं गॅरेज काढल्यापासून एकाही गिऱ्हाइकाला ऐकवले नव्हते, ते जिभेवर यायला वेळ लागला.

“ताई… लायनर नको. मागचे टायर नको. सायलेन्सर नको. सगळं चांगलं आहे.” तो क्षणभर थांबला. “पण या टायरवर पोरं बसवू नका. शाळेपर्यंतसुद्धा नाही. आत्ता स्टेपनी लावून देतो. मग नवा टायर घाला आणि चाकांची अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर नवाही असाच खाल्ला जाईल.”

“बदला,” मालनबाई म्हणाल्या.

एवढंच. कितीला पडेल, लागतोच का, दुसरीकडं दाखवू का… काही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी व्हॅन पास होऊन आली. मालनबाईंनी फाटकातूनच हॉर्न दिला आणि मुलांना आणायला निघून गेल्या. प्रल्हाद पेढे घेऊन आला होता. उस्तादांच्या हातावर एक ठेवून तो बाजेच्या कडेला बसला. मनात घोळत असलेलं त्याला बाहेर काढायचं होतं.

“उस्ताद, एवढी कामं सांगितली तेव्हा ही बाई माझ्याशी भांडली. काल एकच सांगितलं, तर साधं ‘का’ म्हणून विचारलं नाही. मी तर तोच आहे… गॅरेजही तेच.”

उस्तादांनी पेढा तोंडात टाकला. सावकाश खाल्ला. बोटं धोतराला पुसली.

“काल तिनं आधी तुझं ‘नको’ ऐकलं होतं.”