त्रिंबकभटांची द्वादशी

समुद्राकाठच्या एका छोट्या राज्यात त्रिंबकभट नावाचे गणिती राहत होते. ग्रहण कधी लागेल, कधी सुटेल, हे ते अचूक सांगत. त्यांचा शब्द चुकल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

एके वर्षी जवळच्या बेटावरच्या सगळ्या विहिरी खाऱ्या झाल्या. तिथल्या तीनशे माणसांना होड्यांतून किनाऱ्यावर आणायचं ठरलं. वाट दिवसभराची आणि होड्या लहान. राणीने त्रिंबकभटांना बोलावलं.

"पुढच्या महिन्यात समुद्र शांत असेल असा एक दिवस सांगा. म्हणजे लोकांना तयारी करता येईल."

भटजी घरी येऊन गणिताला बसले. वारा, ओलावा, भरती-ओहोटी सगळं मांडलं. उत्तर आलं, द्वादशी. खात्रीसाठी त्यांनी तेच गणित पुन्हा केलं. फक्त वाऱ्याच्या मापातला शेवटचा बारीकसा अपूर्णांक सोडून दिला. पहिले चार दिवस दोन्ही उत्तरं जुळली. मग थोडा फरक पडला, मग जास्त, आणि द्वादशीला तर चक्क वादळ निघालं! मापं केसभर बदलून दहा वेळा गणित केलं, दहाही वेळा द्वादशी वेगळीच.

"द्वादशी सांगून मोकळे व्हा," त्यांची पत्नी म्हणाली. "आजवर तुमचं कधी चुकलंय?"

"चंद्र-सूर्य ठरल्या वाटेने जातात गं. वाऱ्याचं तसं नाही. मापात केसाएवढी चूक राहतेच आणि ती रोज वाढत जाते. मी बोलून बसेन आणि बुडतील ते लोक."

दुसऱ्या दिवशी ते दरबारात उभे राहिले. "राणीसाहेब, महिन्यानंतरचं मला सांगता येत नाही. कुणालाच येणार नाही. आजचं आज सांगेन."

कुणीतरी फिसकन हसलं. राणी म्हणाली, "तर मग तुम्हीच होड्या घेऊन बेटावर जा. गोड्या पाण्याचे हंडे सोबत न्या. रोज सकाळी बघा आणि जमेल त्या दिवशी निघा."

बेटावर द्वादशी लख्ख उजाडली. लोक बोचकी घेऊन किनाऱ्यावर आले. होड्यांचा म्होरक्या हिराजी तांडेल म्हणाला, "भटजी, पाणी बघा कसं निवांत आहे. निघू या!"

"नको. वारा फिरतोय. दुपारपर्यंत बिघडेल."

लोक कुरकुरत परतले. दुपारी असा वारा सुटला, की वाळूवर ओढून ठेवलेल्या दोन होड्या उलट्या झाल्या.

तीन दिवसांनी भटजी म्हणाले, "आज चला."

संध्याकाळी तीनशेच्या तीनशे माणसं किनाऱ्याला लागली. सर्वांत शेवटी हिराजीने एका म्हातारीला पाठीवरून उतरवलं, तेव्हा भटजी ओल्या वाळूवर मटकन बसले आणि हसता हसता रडू लागले.

राणीने विचारलं, "द्वादशीचं वादळ तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच दिवशी सकाळी. त्याआधी नाही."

"तेवढं पुरलं," राणी म्हणाली.

तात्पर्य एवढंच: दिसतं तिथपर्यंतच ठामपणे सांगावं. पुढचं कळत नाही हे मान्य केलं, की पुढच्यासाठी तयार राहता येतं.