वस्तादांचं बसणं

जांभूळवाडी संस्थानातले येसबा वस्ताद साठी उलटल्यावरही पहाटे तालमीत घाम गाळायचे. महाराजांना कुस्ती त्यांनीच शिकवलेली. नवे कारभारी अंबादासपंत यांना मात्र म्हाताऱ्याचा हा जोम खुपायचा. ते स्वतः एकदा गादीवर टेकले, की दोन शिपायांनी हात दिल्याशिवाय हलत नसत.

"महाराज, या वयात छातीवर ताण येऊन काही विपरीत घडलं तर?" पंतांनी भर दरबारात शंका काढली.

महाराजांनी वस्तादांना पुढे बोलावलं. ते म्हणाले, "वस्ताद, पुरे झाली मेहनत. यापुढे रोज नुसतं बसायचं."

वस्तादांचा चेहरा पडला. पण दारापर्यंत जाता जाता तो शब्द त्यांनी मनात घोळवला आणि ते मिशीतल्या मिशीत हसले.

दुसऱ्या दिवशी पंतांनी त्यांना घामाघूम अवस्थेत दरबारात आणलं. "महाराज, यांनी हुकूम मोडला!"

"मोडला कुठं, सरकार? पहाटेपासून बसतोच आहे. बैठकांशिवाय दुसरं काही केलं असेल तर शपथ!"

"बसायचं होतं, तर उठत कशाला होता?" पंत ओरडले.

"न उठता पुन्हा बसणार कसा, पंत? एकदाच बसून दिवस काढणं आपल्याला जमतं, मला नाही."

महाराज खदखदून हसले. "हुकूम कायम!"

पंत तणतणत उठायला गेले आणि गादीतच रुतले. शिपाई धावण्याआधी वस्तादांनी हात देऊन त्यांना अलगद उभं केलं.

"उपकार झाले, वस्ताद," पंत पुटपुटले.

वस्तादांनी वाकून स्वतःच्या गुडघ्यांना हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. "माझे कसले? यांचे. रोज बसतात, म्हणून अजून उठतात."