सकीनाखालांचे वाचन

एका शहरात कुराणाच्या प्रती हाताने लिहिणारे एक वृद्ध उस्ताद होते. त्यांच्या शिष्याला संपूर्ण कुराण मुखोद्गत होते, आणि ही गोष्ट विसरण्याची संधी तो कुणालाही देत नसे.

तीन वर्षे खपून त्याने आपली पहिली प्रत पूर्ण केली. ती निर्दोष ठरली, तरच शेवटच्या पानावर त्याला स्वतःचे नाव लिहिता येणार होते आणि स्वतंत्रपणे लेखन करण्याची परवानगी मिळणार होती. त्याने आधीच चार मित्रांकडून प्रत तपासून घेतली होती. त्या चौघांनाही कुराण पाठ होते. कुठेही चूक नाही, असे त्यांनी एकमुखाने सांगितले.

उस्तादांनी मात्र तपासायला बोलावले कुणाला? शेजारच्या सकीनाखालांना! या बाई शिवणकामावर पोट भरत आणि साठी उलटल्यावर वाचायला शिकलेल्या. पाठ म्हणाल तर फार थोडे. प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून, अडखळत वाचायच्या. शिष्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उस्ताद, माझी थट्टा चालवलीय का?"

"मूळ प्रत माझ्यापुढं, तुझी त्यांच्यापुढं. त्या वाचतील, मी ताडून बघेन. तू गप्प बैस."

आठ दिवस तो कसाबसा गप्प बसला. नवव्या दिवशी खाला एका आयतीपाशी, एक वचन संपल्यावर, श्वास घ्यायला थांबल्या आणि त्याचा धीर सुटला. पुढच्या दोन आयती त्याने घडाघडा म्हटल्या. "झालं? आता तरी पुढं चला, खाला!"

खालांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिले. "बेटा, तू म्हणतोस ते इथं लिहिलेलंच नाही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथे पहिल्या आणि तिसऱ्या आयतीचा शेवट सारखा होता. पहिली लिहून शिष्य सरळ चौथीवर गेला होता. मधल्या दोन गळाल्या होत्या आणि चार जाणकारांना त्याचा पत्ता नव्हता.

उस्ताद वैतागून म्हणाले, "ज्याला पाठ असतं तो पानावर नसलेलंही वाचतो, तोंड पुढं आणि डोळे मागं! पन्नास वर्षं मला पाठ आहे, तरी लिहिताना मी मूळ प्रतीवरचं बोट उचलत नाही, ते काय हौस म्हणून? तुझी-माझी आठवण आपल्याबरोबर कबरीत जाईल. मागं हे पान राहील. ज्यांना पाठ नाही ते यावरूनच शिकतील. अरे, त्यांच्यासाठी लिहायचं असतं!"

चुकलेले पान शिष्याने रीतीप्रमाणे कोऱ्या कापडात गुंडाळले आणि स्वच्छ जागी पुरले. मग तो खालांच्या दारी गेला.

"खाला, नवीन पान लिहायला घेतोय. ते आणि पुढची पानं रोज येऊन वाचाल?"

"मी हळू वाचते रे. तू चिडतोस."

"चिडेन," तो म्हणाला. "तरी तुम्ही वाचा."